मारा नदीला बारा महिने असतात

प्रति,
मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर आणि इतर गावांतून आफ्रिकेच्या सहली काढणाऱ्या सर्व पर्यटन संस्थांचे चालक

सादर नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत एक छोटा गट केनियातल्या मसाई माराच्या रानात आणावा, असं मी गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका संस्थेला सुचवलं. फोनवर पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, तो डेड सीझन. मायग्रेशन संपल्यावर तिथं बघायला असतं काय?" त्याच आठवड्यात माझ्या मावसबहिणीनं बार्शीहून दुसऱ्या एका संस्थेची जाहिरात व्हॉट्सॲपवर पाठवली. ऑगस्टची सहल, दोन रात्री मारा, आणि ठळक अक्षरांत "रिव्हर क्रॉसिंग 100 टक्के गॅरंटी", म्हणजे स्थलांतर करणारे विल्डबीस्टांचे (गाईसारख्या तोंडाच्या मोठ्या हरणांचे) कळप मारा नदी ओलांडताना दिसणारच. खाली तिनं विचारलं होतं, "ताई, नक्की दिसतं का गं?"

फोनवरच्या माणसाला मी तेव्हा धड उत्तर दिलं नाही, आणि बहिणीला काय लिहावं ते सुचेना. दोघांना सांगायचं ते एकच आहे, म्हणून हे पत्र. कुणाचं नाव घेत नाही, कारण हे आता एकदोन संस्थांपुरतं राहिलेलं नाही. आणि खुलं अशासाठी, की पैसे साठवून इथं येणाऱ्या माणसांनीही ते वाचावं.

मी कोण, तेही सांगते. मी बार्शीची. 2009 साली नवऱ्याच्या नोकरीमुळे नैरोबीत आले. गेली अकरा वर्षं महाराष्ट्रातून येणाऱ्या गटांची इथली सगळी व्यवस्था बघते: विमानतळ, गाड्या, कॅम्पचं बुकिंग, उपासाचं आणि जैन जेवण, आणि माराला त्यांच्याबरोबर जाणं. माझ्या घराचा खर्च याच सहलींवर चालतो. तेव्हा सहली बंद व्हाव्यात, असं मला वाटण्याचा प्रश्नच नाही.

माराला मी पहिल्यांदा गेले ते 2009 च्या दुष्काळात. नदी म्हणून जे दिसलं, ते कातळातून वाट काढणारं थोडं हिरवट पाणी होतं. एका डोहात पाणघोडे एकमेकांना इतके चिकटून बसले होते, की मधे पाणी दिसत नव्हतं, फक्त पाठी. वास असा की तोंडावर ओढणी धरावी लागली. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याच वळणावर उभी राहिले, तर ते कातळ गायब. तांबडं पाणी काठावरच्या झाडांच्या बुंध्यांना लागून वाहत होतं, त्यातून एक अख्खं झाड मुळांसकट गेलं, आणि वास होता ओल्या मातीचा. माणूस तोच, वळण तेच. त्या दोन खेपांनंतर "मी मारा बघितली" असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कुठल्या महिन्यातली, हे विचारावं लागतं.

तर आधी "बघायला असतं काय" याचं उत्तर.

मारा उगम पावते ती माऊच्या डोंगरी रानातल्या एनापुइयापुई नावाच्या दलदलीत. न्यांगोरेस आणि अमाला हे तिचे वरचे दोन प्रवाह. ते मिळून मसाई माराच्या रिझर्व्हमधून, म्हणजे अभयारण्यातून, ती टांझानियात उतरते आणि सुमारे 395 किलोमीटर वाहून मुसोमाजवळ व्हिक्टोरिया सरोवराला मिळते. टांझानियातलं सेरेंगेटी आणि इकडचं मारा मिळून जो प्रचंड प्रदेश आहे, त्यात बारमाही वाहणारी नदी ही एवढी एकच. मसाईंच्या मा भाषेत "मारा" म्हणजे ठिपक्याठिपक्यांची. उंचावरून बघा, पिवळ्या गवतावर झुडपांचे गडद पुंजके विखुरलेले दिसतात. नाव नुसत्या पाण्याचं नाही, त्या झुडपी रानाचं आहे. तुमच्या एकाही माहितीपत्रकात मी हे वाचलेलं नाही.

इथं वर्ष पावसानं मोजतात. मार्च ते मे मोठा पाऊस, त्याला स्वाहिलीत मासिका म्हणतात. नोव्हेंबर-डिसेंबरचा छोटा पाऊस तो वुली. मधल्या कोरड्या दिवसांना कियांगाझी. आपल्याकडे पाऊस एकदा येतो आणि वर्षाचा हिशेब करून जातो. इथं तो दोनदा येतो, आणि कोरड्या दिवसांतही व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूनं दुपारी ढग चढून एखादी जोराची सर पडून जाते.

मासिका सुरू झाली की पहिली बदलते जमीन. इथल्या काळ्या मातीला सगळा केनिया "ब्लॅक कॉटन सॉइल" म्हणतो. कापूस इथं कुणी लावलेला नाही. नाव आलं आपल्या दख्खनच्या कापसाच्या काळ्या मातीवरून. मी बार्शीची, ती माती मला वेगळी सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा, आणि पाऊस पडला की चपलेला किलोभर चिखल. त्या मातीवर बुटक्या बाभळींचं रान असतं. त्यांच्या काट्यांच्या बुडाशी लिंबाएवढे पोकळ गोळे असतात, त्यात मुंग्या राहतात. मुंग्यांनी पाडलेल्या भोकांतून वारा गेला की झाड शिट्टी घालतं. गाडीचं इंजिन बंद करा, पाच मिनिटं कुणी बोलू नका, ऐकू येतं. ऑगस्टमध्ये ते मी एकदाही ऐकलेलं नाही, कारण ऑगस्टमध्ये इंजिन बंद नसतात.

नदीकाठाला वेगळंच रान. तेंदूच्या कुळातली उंच झाडं, आपल्या उंबराची भावकी असलेले, बुंध्यालाच फळं धरणारे आफ्रिकी उंबर, पाण्याशी झुकलेल्या रानशिंद्या. हे काठाचं रान कोरड्या दिवसांतही हिरवं राहतं. त्याच्यामागे क्रोटनची दाट झुडपं. पाऊस गेला की त्यांची पानं एकेक करत नारिंगी होतात आणि सगळी जाळी पेटल्यासारखी दिसते. काळा गेंडा दिवसा तिथंच दडतो, सिंहिणी तिथंच पिल्लं लपवतात. मोकळ्या माळावर मधूनच एकटं उभं असलेलं झाड बहुतेक वेळा हिंगणबेटाचं, म्हणजे आपल्या माळावरच्या हिंगणबेटाच्याच जातकुळीचं. गटातल्या एका शेतकरी काकांनी ते काटे बघून लांबूनच ओळखलं होतं. त्या दिवशी त्यांना सिंह दिसला नाही. तरीही संध्याकाळी ते घरी फोन करून पहिलं त्या झाडाबद्दल बोलले.

जूनमध्ये गवत कमरेला लागतं आणि बुडापासून तांबूस व्हायला लागतं. याच गवताकडे विल्डबीस्ट येतात. त्यांची गोष्ट तुम्ही सांगता, पण मधूनच सुरू करता. सेरेंगेटीच्या आग्नेयेकडच्या माळावर वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि वायव्येला माराकडे त्याच्या दुप्पट. दक्षिणेचं गवत आखूड असतं, पण ज्वालामुखीच्या राखेच्या मातीतलं असल्यानं कसदार. म्हणून जानेवारी ते मार्च कळप तिकडे न्दुटूच्या बाजूला असतात, आणि फेब्रुवारीच्या आसपास दोनतीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात. तिकडचं पाणी आटलं, गवत संपलं, की तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट आणि त्यांच्याबरोबर झेब्रे उत्तरेला निघतात. नदी ओलांडणं हा त्या वर्षभराच्या चालण्यातला एक तुकडा. तोही पावसावर अवलंबून. पाऊस लांबला तर ते लांबतात, मागे सर पडली तर आलेले परत फिरतात. आज ओलांडलेला कळप उद्या उलटा ओलांडतो.

एवढे कळप इथं कायम होते असंही नाही. 1890 च्या दशकात गुरांची बुळकांडी इथं पोचली आणि मसाईंच्या गाईंबरोबर विल्डबीस्टही मेले. पुढे गुरांना लस टोचली गेली, रोग हटला, आणि 1961 साली अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट 1970 च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांवर गेले. बुळकांडी जगातून संपल्याचं 2011 मध्ये जाहीर झालं. आपल्या आजोबापणजोबांच्या गोठ्यांनीही तो रोग भोगलेला आहे. जुन्या माणसांच्या गटात मी हे सांगते, तेव्हा गाडीत शांतता होते आणि मग कुणीतरी आपल्या घरच्या बैलांची गोष्ट काढतं.

आता नोव्हेंबर, तुमचा "डेड सीझन". वुलीच्या पहिल्या सरीनंतर संध्याकाळी वारुळांतून पंख फुटलेली वाळवी उठते आणि तिच्यावर पाखरं तुटून पडतात. युरोपातून आलेले पांढरे करकोचे माळावर उतरतात. नागालँडहून निघालेले अमूर ससाणे भारत आणि अरबी समुद्र ओलांडून याच दिवसांत केनियावरून दक्षिणेला जातात. जो ससाणा आपल्याकडचे पक्षीमित्र लोणावळ्याला दुर्बीण लावून शोधतात, तो इथं येऊन वाळवी खातो. आणि मे महिन्यात आपण ज्याची वाट बघतो तो चातक पूर्व आफ्रिकेतूनच आपल्याकडे निघालेला असतो.

नदीत याच महिन्यात एक गोष्ट घडते, ती फार थोड्यांनी बघितली आहे. माराच्या केनियातल्या पात्रात चार हजारांहून जास्त पाणघोडे आहेत. रात्री चरायचं आणि दिवसा पाण्यात बसायचं. कोरड्या दिवसांत त्यांच्या डोहांच्या तळाशी शेणाचा थर साचतो, त्यातला प्राणवायू संपतो. पहिला मोठा लोंढा आला की ते काळं पाणी खाली ढकललं जातं आणि मासे गुदमरतात. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये आम्ही सकाळी पुलावर पोचलो, तेव्हा काठाला मासे तोंड वर काढून हवा घेत होते. माराबू करकोचे, बगळे आणि एक मगर, सगळे एका रांगेत उभे राहून शांतपणे खात होते. माझ्याबरोबर नाशिकचं एक जोडपं होतं. दीड तास आम्ही तिथून हललो नाही. दुसरी गाडी आली नाही.

ऑगस्टमध्ये बुडून मरणाऱ्या विल्डबीस्टचंही तसंच. शास्त्रज्ञांनी मोजलंय, वर्षाला सरासरी 6,250 जनावरं या नदीत बुडतात, म्हणजे सुमारे 1,100 टन. मांस काही आठवड्यांत संपतं. पण हाडं विरघळायला सात वर्षं लागतात, आणि तेवढा काळ ती नदीतल्या शेवाळाला आणि माशांना पोसतात. म्हणजे मेमध्ये जो मासा दिसतो, त्याच्यात कधीतरीचा ऑगस्ट असतो. तुम्ही त्या जनावरांची उडी विकता. पुढची सात वर्षं तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत नाहीत.

आता तक्रारी.

पहिली "गॅरंटी" या शब्दाची. ऑगस्टमध्ये कळप माराच्या बाजूला असण्याची शक्यता चांगली, एवढंच कुणीही प्रामाणिकपणे सांगू शकतो. ते तुमच्या गटाच्या दीड दिवसात, तुम्ही उभे आहात त्या वळणावर उतरतील, हे त्यांच्या पुढच्या रांगेतल्या झेब्र्यालाही माहीत नसतं. मी काठावर सात तास थांबून परत फिरलेली आहे. अशा वेळी गाडीतली माणसं माझ्याकडे आणि ड्रायव्हरकडे फसवल्यासारखी बघतात. त्यांचा दोष नाही. कर्ज काढून आलेल्या बापाला तुम्ही लेखी शब्द दिलेला असतो.

दुसरी तक्रार पहिलीतूनच निघते, आणि हे पत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे. गेल्या ऑगस्टमधली एक दुपार सांगते. पलीकडच्या काठावर हजारभर विल्डबीस्ट जमले होते. अलीकडे मी गाड्या मोजल्या, 63. कळप उतरायच्या वाटेच्या तोंडाशी येत होता आणि मागे सरत होता, असं तासभर चाललं. मग पहिले उतरले आणि त्याबरोबर 63 गाड्या एकदम पुढे घुसल्या. ज्या घळीतून ती जनावरं आमच्या बाजूला वर चढणार, तिच्या तोंडाशी चार गाड्या आडव्या लागल्या. पाण्यातली जनावरं काठाशी आली, समोर पत्रा दिसला, आणि वळली. मागची अजून येतच होती. एकावर एक चढली. माझ्या गाडीतला एक माणूस दार उघडून खाली उतरला, मोबाइल वर धरून. मी त्याला शर्टाला धरून आत ओढलं. आमचा ड्रायव्हर इथल्या किप्सिगिस जमातीचा, वीस वर्षं या कामात. तो स्टिअरिंगवर हात ठेवून खाली बघत बसला होता. कळप फुटला, अर्धा परत गेला. आमच्या काठावर एक पिल्लू राहिलं. ते पाण्याकडे जायचं, ओरडायचं, गाड्यांकडे बघून मागे फिरायचं. आम्ही निघालो तेव्हाही ते तिथंच होतं.

संध्याकाळी त्या गटानं मला धन्यवाद दिले. क्रॉसिंग दिसलं होतं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

नियम नाहीत असं नाही. एका जनावराभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, पंचवीस मीटरच्या आत जायचं नाही, गाडीतून उतरायचं नाही. ड्रायव्हरांना हे पाठ आहे. मोडतात ते तुमच्यामुळे आणि माझ्यामुळे. "आमच्या पाहुण्यांना जवळून दिसलं पाहिजे" असा निरोप तुमच्या कार्यालयातून येतो, तो त्यांच्यापर्यंत मी पोचवते. त्यांची टिप आणि पुढचं काम त्यावर ठरतं. चार पिढ्या ज्यांनी या रानात गुरं राखली, त्या माणसांना आपण नियम मोडायला लावतो आणि दंड त्यांच्या नावावर पडतो. 2018 मध्ये माराच्या चित्त्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथं पर्यटकांची वर्दळ कमी, तिथं चित्त्याच्या एका वेतातली सरासरी दोनपेक्षा जास्त पिल्लं मोठी होत होती. जिथं वर्दळ जास्त, तिथं 0.2. म्हणजे पाच वेतांमागे एक पिल्लू. हा आकडा वाचल्यापासून चित्ता दिसला की मी आधी मागच्या गाड्या मोजते.

तिसरी तक्रार तुमच्या कार्यक्रमपत्रिकेची. नैरोबीहून माराला रस्त्यानं पाच-सहा तास लागतात. रिझर्व्हचं तिकीट बारा तासांचं, सकाळी 6 ते संध्याकाळी 6. 2024 पासून परदेशी प्रौढाला त्याचे जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर पडतात आणि जुलै ते डिसेंबर 200. तुम्ही माणसांना दुपटीच्या महिन्यांत आणता, दोन रात्री ठेवता, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे दुसऱ्या सरोवराकडे पळवता. त्यात आजीआजोबा असतात. तीन रात्री एका जागी राहिलं तर काय बिघडेल? एखादं सरोवर कमी होईल, बस.

मराठी शाळांची मोठी सुट्टी येते एप्रिल-मेमध्ये. तेव्हा मारा हिरवीगार असते, तिकीट निम्मं असतं, सिंह, हत्ती, जिराफ, टोपी नावाची हरणं, तरस, पाणघोडे सगळे इथंच असतात, कारण ते कुठं जात नाहीत. पण तेव्हाच्या तुमच्या यादीत केनिया नसतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, "पावसाळा आहे." कोकणात पाऊस बघायला गाड्या भरून माणसं नेणाऱ्या संस्थांनी हे उत्तर द्यावं, याचं मला वाईट वाटतं.

आणि तो महिना रिकामा राहिला की भोगतं कोण, तेही सांगते. एप्रिल-मेमध्ये कित्येक कॅम्प आपल्या पोरांना बिनपगारी घरी पाठवतात. रिझर्व्हच्या भोवती मसाईंच्या मालकीच्या जमिनींवर कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे वन्यप्राण्यांसाठी राखलेली रानं, उभ्या आहेत. तिथं जमीनमालकाला महिन्याला भाडं मिळतं, म्हणून तो कुंपण घालत नाही आणि गहू पेरायला जमीन देत नाही. 2020 मध्ये पर्यटक थांबले तेव्हा हे भाडं किती नाजूक आहे ते सगळ्यांनी बघितलं. कुंपण आलं की काय होतं, त्याचा दाखला शेजारीच आहे. लोइटाच्या माळावरून कोरड्या दिवसांत माराकडे येणारं विल्डबीस्टांचं एक वेगळं स्थलांतर होतं. 1970 च्या दशकात ती जनावरं लाखाच्या वर होती. गव्हाची शेतं आणि कुंपणं वाढली आणि दोन-तीन दशकांत त्यांतली तीन चतुर्थांशांहून जास्त गेली. त्यांचं क्रॉसिंग आता कुणी विकत नाही.

शेवटची तक्रार नदीची आहे. तुमच्या कार्यक्रमात मारा म्हणजे पार्श्वभूमी. माऊच्या रानाचा मोठा हिस्सा शेतीसाठी तोडला गेला, त्यामुळे पाऊस पडला की पाणी धडधडत येतं आणि पाऊस गेला की धार बारीक होते, हे गटातल्या कुणालाच सांगितलेलं नसतं. 1 मे 2024 ला माराला मिळणारी तालेक नदी काठ सोडून वर आली, डझनाहून जास्त कॅम्प पाण्यात गेले, पर्यटकांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. तरी तुमची पहिली मागणी अजून तीच, "रिव्हर व्ह्यू तंबू द्या, नदीला जेवढा जवळ तेवढा." पुराच्या रेषेच्या आत तंबू उभे राहतात ते या मागणीसाठी. त्यासाठी काठाची झाडं तुटतात, आणि इतक्या तंबूंचं सांडपाणी कुठं जातं, हे तुमच्यापैकी एकाही संस्थेनं माझ्यामार्फत कधी विचारलेलं नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही. मीही पहिली सहा वर्षं विचारलं नव्हतं, हे इथं मान्य करते.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

"गॅरंटी" हा शब्द आजच्या आज जाहिरातींतून काढा. त्या जागी कुठल्या महिन्यात मारात काय असतं, हे बारा ओळींत लिहा. लिहून मी देते.

नदीकाठी वाट अडवली जात असेल तर आपली गाडी मागे घ्यायची, असा लेखी निरोप तुमच्या लेटरहेडवर ड्रायव्हरला द्या. त्याचं इंग्रजी आणि स्वाहिली मी करून देईन. क्रॉसिंग दिसलं नाही म्हणून त्याची टिप आणि पुढचं काम कापलं जाणार नाही, हेही त्यात स्पष्ट लिहा. गाडीतून उतरणाऱ्या प्रवाशाला पुढच्या फेरीला नेणार नाही, हे बुकिंगच्या वेळीच सही घेऊन सांगा.

माराला किमान तीन रात्री द्या.

पुढच्या वर्षी मेमध्ये एक आणि दिवाळीत एक, असे दोन छोटे गट काढा. चिखलात गाडी रुतते हे लपवू नका. मिनीबस नको, फोर बाय फोर हवी, काही वाटा बंद असतात, एखादी दुपार तंबूत पावसाचा आवाज ऐकत जाते, हे आधी सांगा. आपली माणसं पावसाला घाबरणारी नाहीत.

आणि कॅम्प निवडताना तीन प्रश्न विचारा: तंबू पुराच्या रेषेपासून किती लांब, सांडपाणी कुठं जातं, एप्रिल-मेमध्ये पोरांना पगार मिळतो का. उत्तर टाळणारा कॅम्प घेऊ नका. तुम्ही वीस संस्थांनी विचारलं, तर वर्षभरात उत्तरं बदलतील. इथले मालक तुमच्या मागणीवर नजर ठेवून असतात.

येत्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी तालेकच्या बाजूला पाच दिवस असणार आहे. तुमच्यापैकी ज्यांना "डेड सीझन" स्वतः बघायचा आहे, त्यांनी आपला एकेक टूर मॅनेजर पाठवावा. विमानाचं आणि रिझर्व्हचं तिकीट तुमचं, बाकी राहण्याखाण्याची आणि गाडीची व्यवस्था मी करते, माझे पैसे घेणार नाही. गमबूट आणावेत. सकाळी साडेसहाला पुलावर जायचं आहे.

बहिणीला मी काल उत्तर लिहिलं, की ऑगस्ट नको, मेमध्ये ये, मुलांना सुट्टी आहे. ती येते म्हणाली.

आपली नम्र,
नैरोबीहून, तुमच्याच गटांबरोबर फिरणारी एक बार्शीकर